पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण?

पाचामुखी परमेश्वर असतो, ही आपल्या समाजाची जुनी श्रद्धा. एकट्याचा निवाडा चुकेल, त्यास लोभ वा राग आडवा येईल. परंतु पाच जाणती माणसे एका विचाराने बोलली की त्या बोलण्यास सत्याचे वजन येते, असे मानून गावोगावचे तंटे शतकानुशतके मिटविले गेले. ही श्रद्धा चावडीबरोबरच लोपली, असे समजण्याचे कारण नाही. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात ती नव्या वेषात वावरत आहे. उत्तम व्यवस्थापकाच्या अंगी कोणते गुण असावेत, मोठे प्रकल्प कोणत्या कारणांनी फसतात, पदवीधरांस कोणती कौशल्ये शिकवावीत, अशा प्रश्नांवर निवडक तज्ज्ञांकडे प्रश्नावली पाठवावयाची, त्यांची उत्तरे एकत्र करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवावयाची आणि मते पुरेशी जवळ येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा, ही ती रीत. ‘डेल्फी पद्धत’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्या आधारे जगभरच्या विद्यापीठांत प्रबंध सिद्ध होत असतात.

हा प्रश्न केवळ संशोधकांपुरता मर्यादित असता, तर सामान्य वाचकाने त्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. पण अशा पाहण्यांतून निघालेल्या याद्या ग्रंथालयात पडून राहत नाहीत. त्यांच्यावरून अभ्यासक्रम बेतले जातात, कर्मचाऱ्याच्या कामाची मोजमापे ठरतात, शिक्षकाच्या गुणवत्तेचे तक्ते तयार होतात. ‘तज्ज्ञांचे यावर एकमत आहे’ हे वाक्य एकदा अहवालात उमटले की त्यापुढे हरकत घेणे अवघड होऊन बसते. म्हणूनच हे एकमत कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अणुबाँबच्या हिशेबातून जन्म

प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरात देववाणी ऐकावयास राजेरजवाडे जात. इराणवर स्वारी केलीस तर एक मोठे साम्राज्य नष्ट होईल, असे भाकीत लिडियाचा राजा क्रीसस यास तेथे मिळाले. त्याने स्वारी केली आणि साम्राज्य नष्ट झाले, ते त्याचेच! ही कथा हिरोडोटसने सांगितलेली आहे. संशोधनाच्या पद्धतीला हे नाव देणाऱ्यांस या कथेतील उपरोध ठाऊक असणारच. तत्त्वज्ञ अब्राहम कॅप्लान यांनी ते सुचविले, असे सांगतात.

पद्धतीचा जन्म मात्र मंदिरात नव्हे, तर शीतयुद्धाच्या छायेत झाला. कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशन ही संस्था अमेरिकेच्या हवाई दलासाठी अभ्यास करीत असे. तेथे नॉर्मन डॉल्की व ओलाफ हेल्मर यांनी १९५१ साली सात तज्ज्ञांपुढे एक भयंकर प्रश्न ठेवला. सोव्हिएत युद्धनियोजकाच्या भूमिकेतून विचार केल्यास, अमेरिकेचे युद्धसाहित्याचे उत्पादन ठरावीक प्रमाणात घटविण्यासाठी किती अणुबाँब लागतील? सातांपैकी चौघे अर्थशास्त्रज्ञ होते. सुमारे आठवड्याच्या अंतराने पाच प्रश्नावल्या झाल्या. पहिल्या खेपेस सर्वांत लहान अंदाज ५० बाँबांचा होता, तर सर्वांत मोठा ५,००० चा. अखेरीस हीच उत्तरे १६७ ते ३६० यांच्या दरम्यान आली. शंभरपटीची तफावत जेमतेम सव्वादुपटीवर आली. गोपनीयतेमुळे दशकभर दडून राहिलेला हा प्रयोग १९६३ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि युद्धशास्त्रातील एक साधन व्यवस्थापनशास्त्राच्या हाती आले.

या प्रयोगातील एक गोष्ट विसरता येणार नाही. मते जवळ आली, हे निर्विवाद. पण अंतिम आकडा बरोबर होता की चूक, याचा पडताळा सुदैवाने कधीच घेता आला नाही. पद्धतीच्या जन्मातच तिचे बलस्थान आणि तिची उणीव अशी शेजारी शेजारी उभी आहेत.

साहेबांच्या उपस्थितीवर उतारा

बलस्थान प्रथम पाहू. कोणत्याही कचेरीतील बैठकीचा अनुभव असणाऱ्यास ते ताबडतोब पटेल. विषय मांडला जातो, साहेब घसा साफ करून आपले मत सांगतात आणि मग उरलेल्या सभासदांचे मत तेच असल्याचे एकेक करून आढळून येते. जो वयाने मोठा, हुद्द्याने वरचा किंवा आवाजाने भारी, त्याच्या बाजूस मत झुकते. ज्याला खरोखर काही ठाऊक असते तो कोपऱ्यात गप्प बसतो. डेल्फी पद्धतीने यावर योजलेला उपाय साधा आहे. तज्ज्ञांस एकत्र बसवावयाचेच नाही. कोणाचे उत्तर कोणते, हे त्यांस परस्परांविषयी कळू द्यावयाचे नाही. प्रत्येक फेरीनंतर सर्व उत्तरांचा गोषवारा, म्हणजे मधोमध येणारे उत्तर आणि मतांचा पसारा, प्रत्येकास कळवावयाचा. ज्याचे मत फार वेगळे असेल त्याने कारण द्यावयाचे आणि ते कारणही निनावीपणे इतरांपर्यंत पोहोचवावयाचे. यामुळे मत बदलताना कोणाचा मानभंग होत नाही, आणि न बदलणाऱ्यासही कोणाचा रोष पत्करावा लागत नाही.

डॉल्की यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यापीठीय विद्यार्थ्यांस असे प्रश्न विचारले होते की ज्यांची खरी उत्तरे संदर्भग्रंथात सापडतील, पण त्यांस सहसा तोंडपाठ नसतील. समोरासमोर चर्चा करणाऱ्या गटांपेक्षा निनावी फेऱ्यांतून गेलेल्या गटांची उत्तरे अधिक वेळा सत्याच्या जवळ गेली. पुढे १९९९ मध्ये जीन रो व जॉर्ज राइट यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हाही समोरासमोरच्या चर्चेपेक्षा आणि पहिल्याच उत्तरांची नुसती सरासरी काढण्यापेक्षा ही पद्धत बहुतेक वेळा सरस ठरल्याचे त्यांस आढळले. तेव्हा ही पद्धत म्हणजे निव्वळ थोतांड होय, असा शेरा मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

व्यवस्थापनाच्या संशोधनात तिचा नेटका उपयोग कसा होऊ शकतो, याचे एक उदाहरण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. संगणकप्रणालींचे प्रकल्प का फसतात, हा त्याचा विषय. अमेरिका, फिनलंड आणि हाँगकाँग अशा तीन ठिकाणच्या अनुभवी प्रकल्प-व्यवस्थापकांची तीन स्वतंत्र मंडळे नेमण्यात आली. प्रथम प्रत्येकाने सुचतील तितके धोके लिहून द्यावयाचे, मग त्यांतील महत्त्वाचे निवडावयाचे, आणि शेवटी निवडलेल्यांचा क्रम लावावयाचा, अशा पायऱ्या होत्या. क्रम लावण्यात किती एकवाक्यता आहे, हे संख्याशास्त्रज्ञ मॉरिस केंडॉल यांच्या नावे असलेल्या गुणांकाने मोजतात. पूर्ण विसंवाद असेल तर तो ० येतो, आणि सर्वांचा क्रम तंतोतंत जुळला तर १. सुमारे ०.७ च्या पुढे गेल्यास सहमती बळकट मानण्याचा प्रघात आहे. या अभ्यासात वरिष्ठ व्यवस्थापनाची कामाशी बांधिलकी नसणे, हा धोका अग्रस्थानी आला. ज्या विषयाची मोजणी नोंदवह्यांतून करता येत नाही, ज्याचे ज्ञान अनुभवी माणसांच्या डोक्यात विखुरलेले असते, तेथे ते गोळा करून मांडण्याचे हे साधन खरोखर उपयोगी आहे.

जवळ आली, ती मते की माणसे?

अडचण पुढे सुरू होते. मते जवळ आली म्हणजे ती सत्याच्या जवळ आली, असा अर्थ काढण्याचा मोह अनावर असतो. हा अर्थ काढता येतो किंवा नाही, हे कळण्यासाठी एक जुना दाखला उपयोगी पडेल. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ साली प्लिमथ येथील जनावरांच्या प्रदर्शनातील एका पैजेचा हिशेब प्रसिद्ध केला. एका बैलाचे, कापून साफ केल्यानंतरचे वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनी तिकिटांवर लिहून द्यावयाचा होता. वाचता येण्याजोग्या ७८७ तिकिटांवरील अंदाज चढत्या क्रमाने लावले असता मधला आकडा १,२०७ पौंड निघाला, आणि प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड! बहुमुखी परमेश्वराचा याहून सुरेख पुरावा कोणता?

पण तेथे प्रत्येकाने दुसऱ्याचे तिकीट न पाहता आपले लिहिले होते. एकाची चूक वरच्या बाजूस, तर दुसऱ्याची खालच्या, आणि म्हणून चुका परस्परांत विरून गेल्या. डेल्फी पद्धतीत दुसऱ्या फेरीपासून प्रत्येकाच्या हाती इतरांच्या मतांचा मध्य दिलेला असतो. आपण कळपापासून दूर आहोत, हे त्यास कळते. त्यानंतर तो मध्याकडे सरकला, तर ते नव्या विचारामुळे, की एकटे पडण्याच्या संकोचामुळे, की पुन्हा कारणे लिहिण्याच्या कंटाळ्यामुळे, हे आकड्यावरून ओळखता येत नाही.

ही शंका केवळ तार्किक नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या शिक्षणशाखेने कोणती उद्दिष्टे अंगीकारावीत, याविषयी सायफर्ट व गँट या दोघा अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास एक डेल्फी पाहणी केली. त्यांनी प्रश्नावलीत मुद्दाम एक बनावट उद्दिष्ट घातले. प्रारंभी त्यास कोणी विशेष महत्त्व दिले नाही. मग पुढील फेरीत, इतरांनी त्यास फार महत्त्व दिल्याची खोटी माहिती सहभागी व्यक्तींस कळविण्यात आली. परिणाम असा झाला की त्या बनावट उद्दिष्टाचे महत्त्व सरासरीच्या बरेच वर चढले! शिक्षणाच्या क्षेत्रातील जाणकार मंडळीही ‘सर्वांचे मत’ असे समजले गेलेल्या गोष्टीकडे ओढली गेली. रँडमध्येच काम करणारे हॅरल्ड सॅकमन यांनी १९७४ साली या पद्धतीवर कठोर टीका केली, ती याच अंगाने. घाईत तयार केलेल्या प्रश्नावल्या, जुजबी उत्तरे आणि त्यांतून उभे राहिलेले कृत्रिम मतैक्य, यांस विज्ञान म्हणावयाचे कसे, असा त्यांचा सवाल होता.

भविष्यकथनाच्या बाबतीत तर काळानेच परीक्षा घेतली आहे. १९६४ मध्ये हेल्मर व थिओडोर गॉर्डन यांनी विज्ञानातील शोधांपासून अवकाशप्रवासापर्यंत सहा विषयांवर तज्ज्ञांची भाकिते गोळा केली. अणूंच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा १९८० च्या दशकात हाती येईल, असे मधले मत पडले. प्रयोगशाळांतून या दिशेने मोठी प्रगती झाली आहे. परंतु त्या ऊर्जेवर चालणारे वीजकेंद्र अद्याप जगात कोठेही घराघरांत दिवे लावीत नाही. जपानने १९७१ पासून अशी राष्ट्रीय पाहणी नियमाने चालविली आहे. भारतातही ए. पी. जे. अब्दुल कलाम अध्यक्ष असलेल्या ‘टायफॅक’ या शासकीय परिषदेने २०२० सालच्या भारताचे तंत्रज्ञानचित्र रेखाटताना हजारो जाणकारांची मते घेतली, त्यांत डेल्फी प्रश्नावल्यांचाही वापर झाला, आणि १९९६ मध्ये त्याचे २५ अहवाल प्रसिद्ध झाले. २०२० साल येऊन गेले आणि त्या चित्रातील विकसित भारत अपुराच राहिला. म्हणून तो खटाटोप व्यर्थ गेला, असे नव्हे. अनेकांनी एकत्र दूरचा विचार करण्याचे मोल वेगळेच असते. मात्र विचारविनिमयाचे मोल आणि भाकिताचा खरेपणा या दोन भिन्न वस्तू होत, एवढे यावरून ध्यानात यावे.

खिडकीपलीकडचा तज्ज्ञ

याहूनही मूलगामी प्रश्न आहे, तो तज्ज्ञ कोणास म्हणावे हा. डेल्फी पद्धतीत मंडळ लहान असते. दहा, पंधरा, फार तर चाळीस-पन्नास माणसे. ती लोकसंख्येची प्रतिनिधी नसतात आणि तसा दावाही नसतो. त्यांच्या शब्दाला वजन येते ते केवळ त्यांच्या जाणकारीमुळे. अर्थात मंडळ कसे निवडले, यावरच सारा डोलारा उभा असतो. आणि नेमका हाच भाग अनेक प्रबंधांत चार ओळींत उरकलेला असतो. मार्गदर्शकांच्या ओळखीचे प्राध्यापक, मोठ्या कंपन्यांतील अधिकारी, परिषदांतून भेटणारे सल्लागार, म्हणजे जे सहज हाताशी लागले आणि ज्यांनी होकार दिला, ते तज्ज्ञ!

टपालाच्या खिडकीवर वीस वर्षे बसलेला कारकून, एकाच वर्गात साठ मुलांना सांभाळणारी शिक्षिका, गिऱ्हाइकाच्या तक्रारी रोज ऐकणारा बँकेतील रोखपाल, यांस त्या त्या कामाविषयी जे ठाऊक असते ते वरच्या मजल्यावर पोहोचतेच असे नाही. त्यांच्या कामाची मोजमापे ठरविताना त्यांस न विचारता ‘तज्ज्ञांचे एकमत’ जाहीर करणे, हे शास्त्र नसून हुद्द्याचे राजकारण होय. संगणकप्रणालींच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यात प्रकल्प-व्यवस्थापकांसच विचारले होते. दोष वरिष्ठांकडे जातो, असे त्यांनी सांगावे यात अस्वाभाविक काहीच नाही. त्या संशोधनाशी संबंधित अभ्यासकांचे मोठेपण असे की २००२ मध्ये त्याच धर्तीवर, प्रणाली प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या मतांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवण्यात आल्या. काही ठिकाणी त्या जुळल्या, काही ठिकाणी जुळल्या नाहीत. विचारलेली माणसे बदलली, तेव्हा सत्याची यादीही बदलली. एकाच मंडळावर विसंबणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

या बाबतीत आपली जुनी गोतसभा आधुनिक संशोधकापेक्षा काकणभर सरस होती, असे म्हणावे लागते. तिच्या निवाड्याच्या महजरात कोण कोण हजर होते त्यांची नावे येत आणि पाटलाच्या नांगरासह बलुतेदारांच्या निशाण्याही उमटत. जातीच्या उतरंडीने ती सभा ग्रासलेली होती, हे खरेच. तरी निर्णय कोणाचा, हे वाचणाऱ्यास कळत असे. तज्ज्ञाने दिलेले उत्तर गुप्त राहावे, हे डेल्फी पद्धतीस आवश्यकच आहे. पण मंडळात कोणत्या प्रकारची माणसे होती, कोणत्या कसोटीवर घेतली आणि कोणती वगळली, हे गुप्त ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मतभेदाची नोंद

तिसरी गोष्ट मतभेदाची. फेऱ्या वाढत जातात तशी काही माणसे गळतात. ती कोण? बहुतेकांशी ज्याचे मत जुळते त्यास पुन्हा नुसती खूण करावयाची असते. ज्याचे जुळत नाही त्यास दरवेळी कारणे लिहावी लागतात. त्यामुळे कंटाळून बाजूस होणाऱ्यांत भिन्न मताचेच लोक अधिक असतील, तर अखेरीस उरणारे एकमत हे पटविल्याचे नव्हे, थकविल्याचे फळ ठरते. शिवाय किती टक्के जुळले म्हणजे एकमत मानावयाचे? कोणी ५१ टक्क्यांवर समाधान मानतो, कोणी ७५ मागतो, कोणी ८०. हा आकडा उत्तरे आल्यानंतर ठरविला, तर हवे ते एकमत हवे तेव्हा सिद्ध करता येईल.

प्रामाणिकपणाने हे काम कसे करता येते, त्याचाही दाखला आहे. विद्यार्थ्यांच्या ठिकाणी चिकित्सक विचारशक्ती असावी, असे सर्वच म्हणतात. पण ती म्हणजे काय, हे ठरविण्यासाठी अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या वतीने पीटर फॅसिओनी यांनी ४६ जाणकारांचे मंडळ घेऊन डेल्फी पाहणी केली आणि १९९० साली अहवाल दिला. कौशल्यांविषयी व्यापक मतैक्य झाले. परंतु जिज्ञासा, निःपक्षपातीपणा यांसारख्या वृत्तीही त्या व्याख्येत मोडतात का, यावर मंडळ दुभंगले. ६१ टक्के अनुकूल होते. सुमारे एकतृतीयांश सभासद मात्र तिचा अर्थ कौशल्यांपुरताच ठेवावा, या मताचे होते. अहवालाने ही फूट झाकली नाही, ती आकड्यांसह लिहिली. वाचणाऱ्या शिक्षकास त्यामुळे कळते की कोठे पाय रोवून उभे राहता येईल आणि कोठे जमीन अद्याप भुसभुशीत आहे.

या साऱ्यातून विद्यार्थ्यांनी व त्यांच्या मार्गदर्शकांनी घ्यावयाचा बोध अवघड नाही. जो प्रश्न नोंदवह्या पाहून, मोजून वा प्रयोग करून सुटू शकतो, त्यासाठी तज्ज्ञांचे मत मागवू नये; ती आळसाची पळवाट होय. जेथे तशी सोय नाही तेथे ही पद्धत अवश्य वापरावी. पण मंडळाच्या निवडीच्या कसोट्या, फेऱ्यांची संख्या आणि एकमताची मर्यादा ही तिन्ही पहिली प्रश्नावली पाठविण्यापूर्वी लिहून ठेवावीत. काम करविणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांचेही मंडळ घ्यावे. नुसते आकडे न कळविता आकड्यांमागची कारणे कळवावीत. गळालेल्यांची संख्या आणि त्यांची शेवटची मते अहवालात द्यावीत. आणि निष्कर्ष लिहिताना ‘असे आहे’ असे न म्हणता ‘अमुक जाणकारांस असे वाटते’ असे म्हणावे. शब्दांचा हा फरक लहान दिसतो, पण ज्ञान आणि मत यांतील सीमारेषा त्यातच आहे.

एखाद्या दिवशी शिक्षकाच्या टेबलावर त्याच्या गुणवत्तेचा नवा तक्ता येऊन पडेल, कारकुनाच्या हाती कामाच्या मोजमापाचे नवे पत्रक येईल, आणि दोहोंच्या माथ्यावर तज्ज्ञांच्या एकमताची मोहोर असेल. त्या मोहोरेस नमस्कार करण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. ते तज्ज्ञ कोण होते? त्यांत हे काम करणारा कोणी होता काय? आणि ज्यांस हे मान्य नव्हते त्यांचे म्हणणे काय होते? या प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात सापडतात, त्यातील एकमतास मान द्यावा. ज्यात सापडत नाहीत, त्याची पाने कितीही असली आणि गुणांक कितीही उंच असला, तरी तो पाच जणांचा अभिप्राय एवढेच समजावे. पाचांच्या मुखी परमेश्वर येतो खरा. पण कोणत्या पाचांस बोलावले, हे विचारण्याचे काम परमेश्वराने माणसावरच सोपविलेले आहे.